फोर बाय फोरचे टायर बदलताना आधी टेप आणि खडू घ्या

इंदुरातून पावसाळ्यात गाडी बाहेर काढली की तासाभरात तीन जमिनी पायाखाली येतात. सिमरोलपर्यंत डांबर, चोरल-काजलीगढकडे वळलं की धारदार काळा दगड, आणि शेताच्या बांधावरून आत शिरलं की ती काळी माती. ‘मालव माटी गहन गंभीर’ म्हणणाऱ्याने तिच्यात चाक रुतवून पाहिलं नसणार, पण ‘गंभीर’ हा शब्द नेमका पडलाय. टायर या तिन्ही जमिनींसाठी निवडायचा असतो. सल्ला मात्र सगळीकडे एकच मिळतो: “भिया, मोठे टाका, लुक येतो.”

गाडी सर्व्हिस झालेली आहे, बुश आणि बॉल जॉइंट ढिले नाहीत, अलाइनमेंट नीट आहे, हे धरून चालतो. ते नसेल तर नवे टायर सहा महिन्यांत एका कडेने खाल्ले जातील आणि दोष टायरवर येईल.

जात ठरवा

गाडी बहुतेक वेळ डांबरावर असेल तर ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या जमिनींवर चालणारा एटी टायर. इथे दुसरं मत नाही. चिखलासाठीच्या मड-टेरेनच्या, म्हणजे एमटीच्या रुंद खाचा चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात. एटीच्या अरुंद खाचांत काळी माती दहा फुटांत ठासून बसते आणि टायर लाडवासारखा गुळगुळीत होतो. हे खरंच आहे. पण ओल्या डांबरावर एमटीचं रबर रस्त्याला कमी टेकतं, ब्रेक लांबतो, आणि ८० च्या वेगाला गाडीत बोलणं ऐकू येत नाही. वर्षातल्या चार चिखलांसाठी बाकीचे दिवस हे सोसायचं कशाला? भर पावसात काळ्या मातीत शिरूच नये. गाडी रुततेच, शिवाय शेतकऱ्याच्या वाटेवर पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यापर्यंत तशाच राहतात.

एटी घेताना बाजूची भिंत तीन थरांची आहे ना, एवढं मात्र बघा. आपल्याकडचा बेसाल्ट, म्हणजे तोच काळा दगड, टायरच्या माथ्यापेक्षा भिंतच जास्त कापतो, आणि भिंतीचं पंक्चर काढता येत नाही. कोणी काढून देतो म्हणाला तर त्या दुकानातून निघा.

माप: इथेच सगळे फसतात

टायरचा एकूण व्यास घरी काढा. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिम इंचात गुणिले २५.४. महिंद्रा थारच्या १८ इंची रिमवर २५५/६५ आर १८ (रुंदी २५५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंच) येतो: भिंत १६५.७५ मिलिमीटर, एकूण व्यास ७८८.७. लोक त्यावर २५५/७० आर १८ चढवतात. त्याचा व्यास ८१४.२, म्हणजे २५.५ मिलिमीटर जास्त. ऐकायला इंचभर वाटतं, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण वाढीचा अर्धा भाग अक्षाच्या वर जातो. म्हणजे पावणेतेरा मिलिमीटर. करंगळीच्या पेरापेक्षा कमी.

त्याची किंमत मोजा. व्यास ३.२ टक्के वाढला, म्हणजे जमिनीवरची ओढ जवळपास तेवढीच घटली. मीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटर जास्त पळत असेल. टायरही जड होतो. एटीवरून जाड भिंतीच्या एमटीवर गेलात तर एकेका चाकामागे चार-पाच किलोचा फरक सहज पडतो, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असल्यामुळे ब्रेक, शॉकअब्सॉर्बर आणि बेअरिंग सगळ्यांनाच ते जाणवतं. मूळ व्यासापेक्षा ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. मारुती जिम्नीला १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर वाढ दीड टक्का होते, ती चालते.

खरा फायदा व्यासात नसून भिंतीच्या उंचीत आहे. दगडावर टायर दबून, दगडाला कवेत घेऊन चढतो, आणि दबायला भिंत लागते. म्हणून थार १८ इंची असेल तर टायर वाढवण्यापेक्षा रिम लहान करा. कंपनीच दुसऱ्या प्रकाराला २४५/७५ आर १६ देते. त्याची भिंत १८४ मिलिमीटर, १८ मिलिमीटरने जास्त. व्यास पावणेदोन टक्क्यांहून थोडा जास्त घटतो आणि गाडी सात-साडेसात मिलिमीटर खाली येते, तेवढं सोसा. माप कंपनीचंच असल्यामुळे विम्याच्या दाव्यात कोणी बोट ठेवण्याची शक्यताही कमी. टायर अरुंद असेल तर बिघडत नाही, उलट वरचा पातळ चिखल कापून तो खालच्या मुरमाला भिडतो. रिम घेताना पैसे देण्याआधी एक रिम प्रत्यक्ष चढवून, हाताने फिरवून बघा. ब्रेक कॅलिपरला लागायला नको. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, मूळचाच ठेवा. चाक बाहेर काढून दाखवणारे रिम आणि चाकामागे घालायच्या चकत्या, म्हणजे स्पेसर, स्टिअरिंगला हिसके देतात आणि व्हील बेअरिंग खातात.

आता घासण्याची परीक्षा. दुकानात सपाट फरशीवर स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून “लागत नाही” म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. सगळे टायर घेण्याआधी पुढच्या दोन चाकांवर नवे चढवा. टायरच्या दोन्ही खांद्यांना आणि आतल्या भिंतीला जाड पांढरा खडू घासा. मग पुढचं एक चाक फूट-सव्वा फुटाच्या दगडावर किंवा बांधावर चढवा, म्हणजे ते चाक पूर्ण आत दबेल. त्या स्थितीत स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून गाडी हातभर पुढे आणि हातभर मागे घ्या, मग दुसऱ्या टोकाला तेच. बाजू बदलून पुन्हा. मागे घेताना घासणारे टायर पुढे घेताना कित्येकदा घासत नाहीत, म्हणून रिव्हर्स टाळू नका. मग टॉर्च घेऊन खाली वाका. पांढरा डाग मडफ्लॅपवर किंवा फेंडरच्या प्लास्टिकवर असेल तर कापून किंवा गरम करून मागे दाबता येतं. दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावर (स्टॅबिलायझर बारवर) असेल, किंवा जिम्नीत अक्ष धरणाऱ्या दांड्यावर (रेडियस आर्मवर), तर माप चुकलं. टायर परत करा. स्टिअरिंगचं वळण अडवणारा स्टॉपर वाढवून घासणं बंद होतं खरं, पण वळणाचा घेर वाढतो आणि घाटातल्या ज्या वळणात गाडी एका दमात निघायची तिथे रिव्हर्स मारावा लागतो. घासणाऱ्या टायरवर उपाय म्हणून गाडी उंच करणं हा तर उलटा व्यवहार: स्प्रिंग लांब झाला तरी चाक पूर्ण दबलं की तिथेच पोहोचतं.

घेताना

पाच टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. चार नाहीत, पाच. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर बाय फोरमध्ये, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. लहान व्यासाची स्टेपनी लावून फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, घट्ट जमिनीवर गेलात तर पुढे-मागे ताकद वाटणारी ट्रान्सफर केस कोंडून बसते. लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक, मूळ टायरपेक्षा कमी नको (१०० म्हणजे ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो). भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल पूर्ण भावात घेऊ नका. आयएसआय खूण हवी.

बसवल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि ५०-१०० किलोमीटरवर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासणे.

हवा

दारावरच्या स्टिकरचा आकडा मूळ टायरचा असतो. नवा टायर एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचा असेल तर त्याच वजनाला जास्त हवा लागते. किती, ते खडूच सांगतो: माथ्यावर आडवी रेघ ओढा, सरळ डांबरावर शंभरेक मीटर गाडी चालवा आणि बघा. मधलीच पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी, सारखी पुसली तर तो तुमचा रस्त्याचा आकडा. हे सगळं टायर थंड असताना.

बाहेर गेल्यावर मात्र हवा सोडायलाच हवी. हजारोंचे टायर टाकून ३५ पीएसआयच्या हवेवर दगड चढणारे पाहिले की हसू येतं. खडबडीत कच्च्या रस्त्याला २५, जानापावसारख्या दगडी चढाला २० ते २२, चिखलाला १८ ते २०, महेश्वरच्या बाजूला नर्मदेच्या वाळूत १५-१६ पीएसआय. १५ च्या खाली साध्या रिमवर टायर कडेतून निसटू शकतो. हवा कमी असताना ताशी ३० च्या आसपास राहा, स्टिअरिंगला झटका देऊ नका, आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. “पुढच्या पंपावर भरू” म्हणत चाळीस किलोमीटर आलात तर भिंती आतून भाजतात. बाहेरून काही दिसत नाही, टायर फुटतो तो पुढच्या महिन्यात हायवेवर.

बाकीचं सामान, या क्रमाने

चांगला प्रेशर गेज, आणि थेट बॅटरीला क्लिप लावून चालणारा कंप्रेसर. लायटर सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो. पंक्चर किट.

मग ओढून काढायचे हुक. गाडी ट्रकवर बांधायची कडी म्हणजे रिकव्हरी हुक नव्हे, आणि टो-बॉलला पट्टा अडकवायचा नाही. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. चासीला बोल्ट केलेला हुक, ४.७५ टनी बो शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी), गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट क्षमतेचा ताणणारा पट्टा, त्यावर ओलं पोतं टाकलेलं, आणि माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर.

स्किड प्लेट, म्हणजे इंजिनाखालचं धातूचं कवच, घ्या, पण भोकं असलेली. काळी माती प्लेट आणि इंजिनाच्या मध्ये जाऊन विटेसारखी वाळते. परतल्यावर त्याच दिवशी खालून पाणी मारा.

स्नॉर्केलने, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या उंच नळीने, फक्त हवेचं तोंड वर जातं. डिफरन्शियलच्या हवेच्या नळ्या (ब्रीदर) आणि वायरिंग जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे चोरल नदीत आधी काठी घालून खोली बघणं काही सुटत नाही. पुढचा लोखंडी बुलबार नकोच: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा आधार घेऊन केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे, शिवाय एअरबॅगचं गणित बिघडतं. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, त्यानंतर, तीही दुसरी गाडी सोबत नसते अशांनीच घ्यावी. पुढच्या चाकांवर तिचं वजन कायमचं येतं, आणि ती बसवल्यावर वर सांगितलेली खडूची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.