हास्केलमधून बाहेरचे प्रोग्रॅम चालवताना

हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतलेली बरीच मंडळी फॅक्टोरियल आणि फिबोनाचीतच घुटमळतात, आणि 'आयओ' (इनपुट-आउटपुट, म्हणजे बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण) समोर आलं की शिकणं सोडून देतात. नवीन मंडळींना माझं सांगणं असं: सिंटॅक्स थोडा हाताखालून गेला की लगेच यंत्राची माहिती काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घ्या. मला आयओ उमगलं ते याच कामातून.

सुरुवात 'सिस्टम इन्फो' मोड्यूलपासून करा. त्यातलं 'ओएस' लिनक्सवर 'लिनक्स' सांगतं, मॅकवर 'डार्विन', आणि विंडोजवर, मशीन ६४ बिटचं असलं तरी, 'मिंगडब्ल्यू३२'. गंमत म्हणजे ही साधी स्ट्रिंग आहे, तिच्या टाइपमध्ये आयओ नाही. कारण ती कंपाइल होतानाच ठरून जाते, चालू यंत्राला कुणी काही विचारतच नाही. याउलट 'गेटनमप्रोसेसर्स'चा टाइप 'आयओ इंट' आहे. किती प्रोसेसर आहेत हे प्रोग्रॅम चालू असताना, त्या यंत्रालाच विचारावं लागतं. हे दोन टाइप शेजारी ठेवून बघा. आयओ कशासाठी, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

आता बाहेरची कमांड चालवू. 'रीडप्रोसेस'ला प्रोग्रॅमचं नाव, आर्ग्युमेंटची यादी आणि इनपुट द्यायचं, आउटपुट हातात येतो. पण एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, शून्य नसला तर 'रीडप्रोसेस' थेट एक्सेप्शन फेकतो. मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप' कमांडला काहीच सापडलं नाही तर तो १ परत करतो. खरी चूक झाली तर २. म्हणजे 'सापडलं नाही' इतकं साधं उत्तरसुद्धा तुमचा प्रोग्रॅम पाडतं. म्हणून 'रीडप्रोसेसविथएक्झिटकोड' वापरा. त्यात कोड, आउटपुट आणि एरर असं तिन्ही वेगवेगळं मिळतं, आणि 'एक्झिटफेल्युअर १'ला वेगळी वागणूक देता येते.

कमांडची अख्खी ओळ शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) सोपवणाऱ्या 'शेल'पेक्षा नाव आणि आर्ग्युमेंटची यादी वेगळी घेणारा 'प्रॉक' बरा, यावर मी ठाम आहे. फाइलच्या नावात स्पेस किंवा अर्धविराम आला की शेलला दिलेल्या ओळीचा अर्थच बदलतो. यादीतून दिलेलं आर्ग्युमेंट जसंच्या तसं पोचतं.

खरी मेख आहे ती पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमचा आउटपुट दुसऱ्याकडे नेणाऱ्या वाटेत. 'क्रिएटप्रोसेस'ने पाइप घेतला आणि आउटपुट न वाचता आधी 'वेटफॉरप्रोसेस' केलं, तर छोट्या फोल्डरवर सगळं सुरळीत चालतं. मोठ्या फोल्डरवर प्रोग्रॅम गप्प बसतो, एररसुद्धा नाही. लिनक्सवर पाइपची क्षमता साधारणपणे ६४ केबी असते. ती भरली की पलीकडचा प्रोग्रॅम लिहिता लिहिता थांबतो, आणि तुमचा प्रोग्रॅम तो संपायची वाट बघत राहतो. त्यात आउटपुट वाचणारं 'एचगेटकन्टेन्ट्स' लेझी, म्हणजे गरज पडेपर्यंत काम न करणारं. वाचायला सांगितलं म्हणजे वाचलं असं नसतं. आधी पूर्ण वाचून घ्या, मग थांबा. एरर वेगळ्या पाइपवर घेत असाल तर दोन्ही पाइप एकाच वेळी रिकामे होत राहायला हवेत. प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतील तर 'थ्रेडेड' पर्याय देऊन कंपाइल करा, नाहीतर वाट बघताना बाकीचे थ्रेडही अडकतात.

मराठी नावांच्या फाइल हाताळणाऱ्यांनी एन्कोडिंगकडे आधी बघावं. टर्मिनलवर चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) किंवा डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त वातावरणात चालवणारी सोय) पडतो, कारण तिथे लोकेल, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग, ठरवलेलं नसतं. एररमध्ये '२२४पासून सुरू होणारे बाइट' असा उल्लेख दिसला तर देवनागरी आठवा: यूटीएफ-८मध्ये देवनागरी अक्षराचे तीन बाइट असतात आणि पहिला २२४ असतो. हँडलला यूटीएफ-८ लावा, किंवा 'टाइप्ड-प्रोसेस' लायब्ररी वापरून बाइटस्ट्रिंग (कच्चे बाइट) घ्या आणि स्वतः डिकोड करा.

हास्केलची नोकरी मिळेलच असं नाही. पण एक्झिट कोड, पाइप आणि लोकेल हे पायथनमध्येही असेच भेटतात, आणि सर्व्हरचं काम करणाऱ्याला ते रोज लागतात.

प्रत्येक गोष्टीसाठी कमांड चालवायची गरज नसते, हेही लक्षात असू द्या. लिनक्सवर उरलेली मेमरी हवी असेल तर '/प्रॉक/मेमइन्फो' ही फाइल वाचली की झालं, मेमरी दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडचा आउटपुट तोडत बसू नका. डिस्कसाठी मात्र भरलेली-रिकामी जागा दाखवणारा 'डीएफ' सोयीचा. ९० टक्क्यांच्या वर भरलेली पार्टिशन दाखवणारा प्रोग्रॅम पहिला सराव म्हणून लिहा, आणि 'डीएफ'ला 'पी' हा कॅपिटल पर्याय द्या, म्हणजे लांब नावाच्या डिस्कची माहिती दोन ओळींत तुटत नाही.