मिनी स्प्लिट स्वतः बसवायचाय? खोकी दारात येण्याआधीची तयारी

आमचं घर न्यू जर्सीतलं, १९५० च्या दशकातलं केप कॉड, म्हणजे उतरत्या छपराचं दीड मजली घर. तळघरात गॅसचा बॉयलर, खोल्यांत रेडिएटर, त्यामुळे डक्ट, म्हणजे गरम-गार हवा खोल्यांत नेणारे मार्ग, ही गोष्ट घरात नाहीच. दर मे महिन्यात चार विंडो एसी तळघरातून वर आणायचे आणि ऑक्टोबरात परत खाली न्यायचे, हा आमचा घरगुती सण होता. पाठ बोलायला लागली तेव्हा उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करणारा, डक्ट न लागणारा मल्टी-झोन मिनी स्प्लिट एसी स्वतः बसवायचं ठरवलं: बाहेर एक युनिट, आत तीन, म्हणजे तीन झोन. प्रत्यक्ष बसवायला दोन शनिवार-रविवार लागले, तयारीला मात्र पाच महिने गेले. इथे लिहितोय ते त्या पाच महिन्यांबद्दल.

सगळ्यात आधी गॅसचं बिल शोधा, हत्यारांचं नंतर बघू. घराला उष्णता किती लागते हे चौरस फुटांवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या जानेवारीचं बिल घ्या आणि त्यातले थर्म (गॅस मोजायचं एकक) पाहा. स्वयंपाक आणि गरम पाण्याचा गॅस वजा करायचा म्हणून जुलैचं बिल शेजारी ठेवा. समजा उरले १५० थर्म. एका थर्मला १,००,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर महिनाभरात घराला मिळाले १ कोटी २० लाख बीटीयू. आता त्या महिन्याचे हीटिंग डिग्री डे काढा. ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली रोजची सरासरी जितके अंश असेल त्यांची ही बेरीज असते आणि हवामानाच्या नोंदींत ती तयार मिळते. आमच्या भागात जानेवारीत ती साधारण १,००० येते. भागाकार केला की एका डिग्री-डेला १२,००० बीटीयू, म्हणजे दर अंशाला तासाला ५००. बाहेर १५ अंश असताना ६५ शी फरक ५० अंशांचा, म्हणून गरज तासाला २५,००० बीटीयू. आमच्याकडे आलेल्या कंत्राटदाराने घरभर एक चक्कर मारून ४८,००० चं युनिट सुचवलं होतं. हा हिशेब मॅन्युअल जे नावाच्या रीतसर पद्धतीची जागा घेत नाही. खोलीवार आकडे हवे असतील तर तीच करावी लागते, पण दुप्पट यंत्र गळ्यात पडण्यापासून हा एक कागद वाचवतो.

मोठं घेतलं तर बिघडलं काय, असं वाटेल. मल्टी-झोनमध्ये बिघडतं ते नेमकं इथेच. तुमच्या छोट्या बेडरूमला थंडीत ३,००० बीटीयू पुरतात, आणि भिंतीवरचं सगळ्यात लहान युनिट मिळतं ६,००० किंवा ९,००० चं. त्यात बाहेरचा कॉम्प्रेसर ठरावीक मर्यादेपेक्षा हळू फिरू शकत नाही. माहितीपत्रकात 'किमान क्षमता' असा रकाना असतो. चार झोनच्या युनिटात तो आकडा १०,००० च्या पलीकडेही दिसतो. ऑक्टोबरातल्या हलक्या थंडीत एकच खोली चालू ठेवली की यंत्र सुरू होतं, दहा मिनिटांत बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. वीजही खातं आणि आयुष्यही. म्हणून खरेदीआधी कमाल क्षमतेपेक्षा किमान क्षमतेचा आकडा वहीत लिहून घ्या.

त्याच पानावर आणखी तीन गोष्टी लिहा. एका बाहेरच्या युनिटवरचे सगळे झोन एका वेळी एकतर गरम करतील नाहीतर गार; सासूबाईंना ऊब आणि तुम्हाला गारवा असं जमत नाही. हिवाळ्यात बंद ठेवलेल्या खोलीतल्या युनिटातूनही थोडं गरम रेफ्रिजरंट (पाइपांतून उष्णता वाहून नेणारा गॅस) फिरत राहतं, त्यामुळे ती खोली थोडी तापतेच. आणि बाहेरचं युनिट बंद पडलं की सगळं घर बंद. हे वाचून 'मग दोन वेगळे सिंगल-झोन का नको' असा प्रश्न पडला तर तयारी योग्य दिशेने चाललीय. अनेक घरांना तेच बरं पडतं. आम्हाला बाहेर एकाच युनिटापुरती जागा होती, म्हणून मल्टी-झोन. पण चारऐवजी तीन झोन, आणि वरच्या दोन खोल्यांत मिळून एकच युनिट, जिन्याच्या माथ्यावर. दारं उघडी ठेवावी लागतात, पण चालतंय.

थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी ५ अंश फॅरनहाइटला यंत्र किती उष्णता देतं तेही पाहावं. माहितीपत्रकात हीटिंगचा ठळक छापलेला आकडा बहुधा ४७ अंशांचा असतो.

आता गॅस. हा शब्द इथे घोळ करतो, बिलातला गॅस वेगळा आणि पाइपातला वेगळा. २०२५ पासून अमेरिकेत घरगुती एसी आणि हीट पंपांची (गार-गरम दोन्ही करणारी अशीच यंत्रं) नवी यंत्रं आर-४१०ए या रेफ्रिजरंटऐवजी आर-३२ किंवा आर-४५४बी वर बनतात. दोन्ही किंचित ज्वलनशील. जुनी उरलेली आतली युनिटं स्वस्तात मिळाली म्हणून नव्या बाहेरच्या युनिटाला जोडायची नाहीत. आणि हे रेफ्रिजरंट हाताळायला, म्हणजे भरायला किंवा काढायला, ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नियमांतलं सेक्शन ६०८ चं सर्टिफिकेट लागतं. त्याशिवाय सिलिंडरही विकत मिळत नाही, आणि मुद्दाम हवेत सोडणं हा गुन्हा आहे. पुण्यात एसी बसवणारा गॅसची एक फुसकी सोडून पाइपातली हवा बाहेर काढतो, ते लहानपणी डोळे भरून पाहिलंय. ते इथे करायचं नाही, आणि खरं तर तिथेही करू नये.

म्हणून घरी बसवणाऱ्यासमोर दोन वाटा आहेत आणि कुठली धरायची ते ऑर्डरच्या आधी ठरवा. पहिली वाट म्हणजे आधीच गॅस भरलेल्या, झटपट जोडणीच्या लाइनसेटची, म्हणजे आतलं आणि बाहेरचं युनिट जोडणाऱ्या पाइपांची. पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप नको, फ्लेअर (पाइपेचं टोक फुलवून नटाने आवळायची जोडणी) नको. पण त्या पाइपा ठरावीक लांबीच्या, बहुधा २५ फुटी. कापता येत नाहीत, उरलेली लांबी वेटोळी करून युनिटामागे लपवावी लागते. दुसरी वाट नेहमीच्या तांब्याच्या पाइपांची. तुम्ही पाइप ओढायच्या, खोल्यांतली युनिटं टांगायची, वायर टाकायची आणि फ्लेअर, नायट्रोजनची दाबचाचणी, व्हॅक्यूम, झडपा उघडणं एवढं सर्टिफिकेटवाल्या तंत्रज्ञाकडून करून घ्यायचं. मी दुसरी निवडली. मात्र असा माणूस शोधायला महिना गेला, कारण 'तुम्ही बसवलेल्यावर मी हात नाही लावणार' हे मी सहा वेळा ऐकलं. म्हणजे आधी माणूस पक्का करा, खोकी नंतर मागवा.

तो येईल तेव्हा काय पाहायचं हेही आधी वाचून ठेवा. फ्लेअरच्या नटाला पाना किती जोरात पिळायचा याला आकडा असतो. पाव इंची पाइपेला साधारण १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३४ ते ४२. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये. टॉर्क रेंच नसलेला तंत्रज्ञ 'हाताला कळतं' म्हणतो. व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (इथे हे दाबाचं एकक) खाली गेला पाहिजे, पंप बंद करून झडप लावल्यावर काही मिनिटं तो तिथेच टिकला पाहिजे, आणि तो पंपावरच्या काट्याने नाही, वेगळ्या मायक्रॉन गेजने मोजला पाहिजे. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, त्यावरून ५०० किती कमी ते लक्षात येईल. पाइपेत ओल राहिली तर ती कॉम्प्रेसरच्या तेलाशी संगनमत करून आम्ल बनवते, आणि मग पाच वर्षांनी कंपनीला शिव्या देत बसायचं.

परमिटचा कंटाळा करू नका. गावाच्या बांधकाम कार्यालयात जाऊन विचारा: घरमालकाने स्वतः काम केलं तर चालतं का, विजेचं काम वेगळ्या परवान्यात येतं का, शेजाऱ्याच्या हद्दीपासून युनिट किती फूट लांब हवं. तिथल्या खिडकीतल्या बाईंनी मला दहा मिनिटांत जे सांगितलं ते तीन आठवड्यांच्या व्हिडिओंनी सांगितलं नव्हतं. सोसायटी असेल, म्हणजे इथली एचओए, तर तिचंही पत्र लागेल. वीज कंपनीच्या सवलतीला बहुतेकदा परवानाधारक कंत्राटदाराची सही मागतात, तेव्हा ती रक्कम हिशेबात आधीच धरू नका. आणि जुने व्हिडिओ ज्या ३० टक्के केंद्रीय करसवलतीबद्दल बोलतात ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही.

विजेचा पॅनल उघडायच्या आधी युनिटाच्या पाटीवरचे दोन आकडे टिपा: एमसीए म्हणजे वायर किमान किती अँपिअरची हवी, आणि एमओसीपी म्हणजे ब्रेकर जास्तीत जास्त किती. २४० व्होल्टच्या दुहेरी ब्रेकरला पॅनलमध्ये दोन जागा लागतात. आमच्या पॅनलमध्ये एकच होती, हे मला खोकी गॅरेजमध्ये आल्यावर कळलं. बाहेर युनिटाच्या नजरेच्या टप्प्यात डिस्कनेक्ट स्विच हवा, आणि त्याच्यासमोर माणूस उभा राहील एवढी मोकळी जागा हवी. तिथे झुडूप असेल तर आत्ताच छाटा. पॅनलचं काम मी इलेक्ट्रिशियनला दिलं. तिथे मला हौस नाही.

बाहेरची जागा पावसाळी दिवशी ठरवा. छताच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे युनिट नको, कारण हिवाळ्यात तेच पाणी पंख्यावर गोठतं. बर्फ पडणाऱ्या गावात स्टँड १२ ते १८ इंच उंच घ्या. हीटिंगच्या काळात युनिट मधूनमधून स्वतःवरचं हिम वितळवतं आणि ते पाणी खाली पडून पुन्हा गोठतं, म्हणून खाली पायवाट नसावी. लाकडी चौकटीच्या भिंतीवर ब्रॅकेट लावून टांगलं तर रात्री घुंई ऐकू येते. जमिनीवरचा स्टँड बरा. पायासाठी खणणार असाल तर काही दिवस आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लायनींवर खुणा करून जातात, फुकट. वजन दीडशे पौंडांच्या वर. मेहुण्याला त्या शनिवारचं जेवण आधी कबूल करा.

खोल्यांत काम सोपं आहे. आतल्या युनिटासाठी बाहेरची भिंत निवडा, वर निर्मात्याने सांगितलेलं अंतर सोडा, आणि भोक पाडायच्या जागी स्टड (भिंतीतला उभा लाकडी खांब), वायर, पाइप काही नाही ना ते तपासा. भोक साधारण तीन ते साडेतीन इंचांचं, बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं आहे असं धरून चाला. मास्क, प्लास्टिकचा पडदा, ओला कपडा.

त्यातल्या त्यात ड्रेनकडे, म्हणजे आतल्या युनिटात साचणारं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीकडे, जास्त लक्ष द्या. फुटाला पाव इंच उतार मिळतो का हे दोरी लावून आधीच बघा, वाटेत कुठेही पोट पडता कामा नये. तळघरातलं युनिट जमिनीच्या पातळीखाली असेल तर पाणी आपोआप बाहेर जाणार नाही, छोटा पंप लागेल, आणि त्याच्यासाठी प्लग. युनिट टांगल्यावर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बाहेर पडतं का ते पाहा, भोक फोमने बुजवायच्या आधी.

प्रत्येक झोनची आपली पाइप आणि आपली चारपदरी केबल. दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावून अ, ब, क असं लिहा, केबल ओढायच्या आधी. मी नंतर लावीन म्हटलं. परिणामी दिवाणखान्याचा रिमोट दाबला की पाइपेतला गारवा जिन्याच्या माथ्यावर जायचा आणि दिवाणखान्यातलं युनिट गंभीरपणे कोमट हवा फेकत बसायचं. तंत्रज्ञाने न हसता दोन केबली अदलाबदल केल्या, शंभर डॉलर घेतले.

हंगामही तयारीचाच भाग. काम एप्रिल-मेमध्ये किंवा सप्टेंबरात धरा, जेव्हा आठ-दहा दिवस ना एसी लागतो ना हीटर. जुलैत तंत्रज्ञ मिळत नाही आणि मिळाला तरी माळ्यावर तुम्ही टिकत नाही. विंडो एसी लगेच विकू नका. बॉयलर तर पहिला पूर्ण हिवाळा जागेवरच राहू द्या, चालू स्थितीत. यंत्र पुरतं की नाही ते फेब्रुवारीतल्या एखाद्या १० अंशांच्या पहाटे कळतं. त्या रात्री आमच्याकडे बॉयलर दोनदा सुरू झाला.