दोनशे कॉलमच्या ग्रिडला हात लावण्याआधी

दोनशे कॉलमचा ग्रिड, म्हणजे वेबपेजवरचा मोठा तक्ता, स्क्रोल करताना अडखळत असेल तर आधी मोजमाप. डेव्हलपमेंट बिल्डवरचे, म्हणजे कोड लिहिताना चालवतो त्या आवृत्तीवरचे आकडे धरू नका. प्रॉडक्शन बिल्ड, म्हणजे वापरणाऱ्यांना मिळते ती आवृत्ती घ्या, खऱ्याएवढा डेटा भरा, क्रोमच्या परफॉर्मन्स पॅनेलमध्ये सीपीयू ४ पट मंद करा आणि दहा सेकंद आडवं स्क्रोल रेकॉर्ड करा. मुद्दाम आडवंच, कारण उभ्या स्क्रोलची काळजी बहुतेकांनी आधीच घेतलेली असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. ते पिवळ्या पट्ट्यांत, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये जातायत की जांभळ्या, म्हणजे लेआउटमध्ये, हे टिपून ठेवा.

मग सेल मोजा. पडद्यावर २५ ओळी आणि वर-खाली मिळून १० जादा, अशा ३५ ओळी गुणिले २०० कॉलम म्हणजे ७,००० सेल. एका सेलमध्ये चार एलिमेंट असतील तर २८,०००, आणि तेही ओळींचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे दिसणाऱ्या आणि आसपासच्या ओळीच पानात काढणं, चालू असताना! कॉलमही व्हर्च्युअलाइज केले तर दिसणारे १२ आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, असे १६ कॉलम उरतात. सेल ५६०. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच युक्तीने पडत नाही, म्हणून बाकीचं सगळं यानंतर.

त्यासाठी प्रत्येक कॉलमची रुंदी पिक्सेलमध्ये आधीच ठरलेली हवी. रुंद्यांची चढती बेरीज एका अ‍ॅरेत ठेवा, पहिला दिसणारा कॉलम बायनरी सर्चने, म्हणजे दरवेळी यादी अर्धी करत शोधा, आणि रुंदी किंवा क्रम बदलला तरच बेरीज नव्याने करा. एचटीएमएल टेबल असेल तर टेबल-लेआउट फिक्स्ड ठेवा. ऑटोवर राहिलं तर ब्राउझर सेलमधला मजकूर पाहून रुंदी ठरवतो. स्क्रोल करताना ओळी बदलतात आणि कॉलम डोळ्यांदेखत आत-बाहेर सरकू लागतात. गोठवलेले, म्हणजे स्क्रोल केलं तरी जागेवरून न हलणारे कॉलम मात्र कायम पडद्यावर राहतात, त्यामुळे ते दोन-तीनच असू द्या.

आता सेलच्या आत डोकावा. प्रत्येक सेलमध्ये नवा इंटल नंबरफॉरमॅट (आकडे नीट मांडून दाखवणारं जावास्क्रिप्टचं साधन) तयार होत असेल तर तो कॉलममागे एकदाच करून ठेवा. तो बनवणं महाग पडतं, वापरणं स्वस्त. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कॉलमच्या व्याख्यांचा अ‍ॅरे कॉम्पोनंटच्या आत लिहिला असेल तर दर रेंडरला नवा अ‍ॅरे बनतो आणि सेलवरचं मेमो, म्हणजे काही बदललं नसेल तर सेल पुन्हा न काढण्याची सोय, निकामी होतं. तो बाहेर काढा किंवा यूजमेमोत (जुनाच अ‍ॅरे जपून ठेवणारं रिअ‍ॅक्टचं फंक्शन) ठेवा. माउसखालची ओळ रंगवायला रिअ‍ॅक्टचं स्टेट (बदललं की पुन्हा रेंडर होतं) नको, सीएसएसचं होव्हर पुरतं. स्टाइल बदलल्याबरोबर ऑफसेटविड्थ, म्हणजे एलिमेंटची रुंदी वाचणारा कोडही शोधा: लूपमध्ये असं झालं की ब्राउझरला दर फेरीला लेआउट पुन्हा करावा लागतो. आधी सगळं वाचा, मग सगळं लिहा.

सर्व्हरकडून २०० फील्ड एकदम मागवायची गरज आहे का, तेही तपासा.

शेवटी, व्हर्च्युअलायझेशनने काय मोडतं ते पाहा. ब्राउझरच्या कंट्रोल-एफला न काढलेले सेल सापडत नाहीत, तेव्हा ग्रिडचा स्वतःचा शोध द्यावा लागेल. स्क्रीन रीडरला एकूण कॉलम कळावेत म्हणून एरिया-कॉलकाउंट (एकूण कॉलम) आणि एरिया-कॉलइंडेक्स (सेल कितव्या कॉलमात) हे एचटीएमएल गुणधर्म भरा. आणि एका सेलमध्ये अर्धवट टाइप करून दूरवर स्क्रोल करा: तो सेल डॉममधून, म्हणजे ब्राउझरकडच्या पानाच्या रचनेतून निघून गेला तर फोकसही जातो, लिहिलेलंही. संपादन चालू असलेला कॉलम नजरेआड गेला तरी काढू नका.