यादृच्छिक चलाचे संभाव्यता वितरण कसे मांडावे: प्रशियाच्या सैन्यातील एक जुनी नोंद

खंडित यादृच्छिक चलाचे (योगायोगाने ठरणाऱ्या, सुट्या किमती घेणाऱ्या संख्येचे) कोणतेही उदाहरण हाती घेतल्यावर, आपण काय मोजत आहोत आणि कशामागे, म्हणजे दर कोणत्या एककामागे मोजत आहोत, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. हे वाक्य न लिहिता सूत्राकडे वळणारा विद्यार्थी बहुधा पुढच्याच पायरीवर अडतो.

लाडिस्लाउस फोन बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केलेली आकडेवारी यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटते. प्रशियाच्या सैन्यातील १० कोअरमध्ये (कोअर म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग) १८७५ ते १८९४ या २० वर्षांत घोड्याच्या लाथेने किती सैनिक दगावले, याची ती नोंद आहे. प्रत्येक कोअरचे प्रत्येक वर्ष ही एक नोंद धरली, तर एकूण २०० नोंदी होतात. म्हणून आपले वाक्य असे होईल: ‘क्ष म्हणजे एका कोअरमध्ये एका वर्षात घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांची संख्या.’ ही संख्या ०, १, २ अशी मोजता येते, मधली कोणतीही किंमत घेत नाही, म्हणून चल खंडित आहे.

आता प्रत्येक किमतीची वारंवारता, म्हणजे ती किती नोंदींत आली ते लिहावे आणि तिला २०० ने भागावे; येणारा भागाकार ही त्या किमतीची संभाव्यता, आणि हा सगळा तक्ता म्हणजे संभाव्यता वितरण.

क्ष = ० : १०९ नोंदी, ०.५४५
क्ष = १ : ६५ नोंदी, ०.३२५
क्ष = २ : २२ नोंदी, ०.११०
क्ष = ३ : ३ नोंदी, ०.०१५
क्ष = ४ : १ नोंद, ०.००५

कोणतीही संभाव्यता ऋण नाही आणि सर्वांची बेरीज १ येते, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘किमान एक मृत्यू’ असे विचारले असेल, तर चार संभाव्यता मिळवत बसण्यापेक्षा १ मधून ०.५४५ वजा करावेत, उत्तर ०.४५५.

अपेक्षित मूल्य काढण्यासाठी प्रत्येक किंमत तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करावी: ०.३२५ + ०.२२० + ०.०४५ + ०.०२० = ०.६१. एकूण १२२ मृत्यूंना २०० ने भागले तरी हेच उत्तर येते, आणि हा पडताळा घेणे फार मोलाचे आहे. अपेक्षित मूल्य ही दीर्घकालीन सरासरी असल्यामुळे ते चलाच्या किमतींपैकी एक असलेच पाहिजे असे नाही, म्हणून ०.६१ चे पूर्णांकात रूपांतर करून १ लिहू नये.

प्रचरणासाठी, म्हणजे किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत हे मोजण्यासाठी, आधी किमतींचे वर्ग संभाव्यतांनी गुणून मिळवावेत: ०.३२५ + ०.४४० + ०.१३५ + ०.०८० = ०.९८. त्यातून अपेक्षित मूल्याचा वर्ग, म्हणजे ०.३७२१, वजा केल्यावर ०.६०७९ उरतात. येथे वर्ग करायचे विसरून थेट ०.६१ वजा करण्याची चूक सर्रास होते आणि उत्तर ०.३७ येते. प्रमाण विचलन म्हणजे ०.६०७९ चे वर्गमूळ, सुमारे ०.७८.

सरासरी ०.६१ आणि प्रचरण ०.६०७९ यांतील हे साम्य थांबून पाहण्यासारखे आहे, कारण प्वासाँ वितरणात (विरळ घटना किती वेळा घडतात याच्या वितरणात) ही दोन्ही मूल्ये समान असतात. घोड्याजवळ जाण्याचे प्रसंग असंख्य, प्रत्येक प्रसंगी मृत्यूची शक्यता अत्यल्प आणि प्रसंग एकमेकांपासून स्वतंत्र, अशी परिस्थिती असली की हे वितरण लागू पडते. प्रयत्नांची संख्या निश्चित व ठाऊक असती, तर द्विपद वितरण वापरले असते. घोड्याजवळ जाण्याचे प्रसंग मात्र कोणी मोजलेले नाहीत.

प्वासाँची पहिली संभाव्यता, म्हणजे क्ष = ० ची, ही २.७१८२८ चा (e या स्थिरांकाचा) उणे ०.६१ वा घात, ०.५४३४. पुढच्या संभाव्यतांसाठी सूत्र दरवेळी नव्याने मांडण्याची गरज नाही: आधीच्या उत्तराला क्रमाने ०.६१ भागिले १, भागिले २, भागिले ३ यांनी गुणत जावे. मिळणाऱ्या संभाव्यतांना २०० ने गुणले की अपेक्षित नोंदी १०८.७, ६६.३, २०.२ आणि ४.१ येतात, आणि ‘४ किंवा अधिक’ यासाठी ०.७ उरतात. प्रत्यक्ष नोंदी १०९, ६५, २२, ३ आणि १ होत्या.

इतका मेळ बसण्यामागे निवडही आहे. मूळ आकडेवारी १४ कोअरची होती; त्यांतील चार कोअरची रचना इतरांपेक्षा वेगळी असल्याने बोर्टकिएविच यांनी त्या बाजूला ठेवल्या. आपल्या आकडेवारीवर प्वासाँ लावण्यापूर्वी, ज्यांच्यामागे आपण मोजतो आहोत ते सर्व गट एकसारखे आहेत का, हे असेच तपासावे.