पोट साफ व्हायचं असेल तर आधी सकाळची दहा मिनिटं राखा

सरकारी दवाखान्यात सर्जरी वॉर्डला मी बरीच वर्षं सिस्टर होते. मूळव्याधीचे, फिशरचे (गुदद्वाराला चीर पडलेले) पेशंट यायचे आणि बहुतेकांचं दुखणं एकाच तक्रारीतून वाढलेलं असायचं: खडा होतो, कुंथावं लागतं. आता निवृत्त झाले, तरी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत बायका थांबवून विचारतात, "सिस्टर, चार दिवस झाले, पोट साफ होईना बघा. कुठलं चूर्ण घेऊ?" मी चूर्णाचं नाव सांगत नाही. उलट विचारते, सकाळी निवांत संडासला जायला वेळ मिळतो का?

यावर बहुतेक जणी गप्पच होतात. सकाळी नळाला पाणी आलेलं असतं, ते भरायचं. दूध तापवायचं, पोरांचे डबे, मालकांचा चहा. कळ येते ती नेमकी याच वेळी. "एवढं आटपून जाते" म्हणून दाबली की ती निघून जाते आणि मग दिवसभर येत नाही.

असं का होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. रात्री मोठं आतडं बऱ्यापैकी शांत असतं. सकाळी उठल्यावर ते जागं होतं आणि पोटात काही खाल्लं-प्यायलं गेलं की आणखी जोरात हलायला लागतं. चहा-नाश्त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास त्यासाठी सगळ्यात चांगला. मळ पुढं सरकून गुदाशयात उतरला की आपल्याला कळ येते. ती दाबली तर मळ आतच थांबतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि मऊ असलेला मळ कडक होत जातो. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडताना दुखतं, म्हणून माणूस आणखी टाळतो. असं महिनोन् महिने चाललं की गुदाशयाची जाणीवच मंदावते. मग "मला कळच येत नाही" ही तक्रार सुरू होते.

म्हणून काय खायचं-प्यायचं ते नंतर, आधी वेळेचं बघू. उठल्यावर ग्लासभर कोमट पाणी प्या. साधं चालेल, कोमट घशाला बरं वाटतं इतकंच. मग झाडलोट, अंथरुणं काढणं, थोडी हालचाल. चहा-नाश्ता झाला की कळ असो वा नसो, संडासात जाऊन दहा मिनिटं बसायचं. मोबाईल बाहेर ठेवायचा, कारण तो हातात असला की माणूस अर्धा तास बसतो आणि तेवढा वेळ खालच्या शिरांवर दाब येऊन मूळव्याध वाढते. कुंथायचं नाही. पोट सैल सोडून सावकाश श्वास घ्यायचा. झालं तर झालं, नाहीतर उठायचं. रोज त्याच वेळी बसलं की दोन-तीन आठवड्यांत शरीराला सवय लागते. आणि त्या दहा मिनिटांत नळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचा. मालक सांभाळू देत, कॉलेजला जाणारा पोरगा सांभाळू दे. हे मी घराघरात जाऊन सांगितलंय आणि सांगत राहणार.

बसायचं कसं, तेही महत्त्वाचं. उकिडवं बसलं की गुडघे पोटाजवळ येतात आणि गुदाशयाचा मार्ग सरळ होतो. कमोडवर तो थोडा वाकलेला राहतो. आता गुडघेदुखीमुळं सगळीकडं कमोड आलेत, ते काढायला मी सांगणार नाही. म्हाताऱ्या माणसांना तेच सुरक्षित. पण पायाखाली सात-आठ इंच उंचीचं लाकडी किंवा प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत, आणि जरा पुढं वाकून कोपर मांड्यांवर टेकवा. बाजूच्या भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. एवढ्यानंच कितीतरी जणांचं कुंथणं कमी होतं.

इथं मिश्रीबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडं खेड्यांत आणि पेठांतसुद्धा कितीतरी बायकांना मिश्री लावल्याशिवाय होत नाही. पुरुषांचं तेच तंबाखूचं. तंबाखूतलं निकोटीन आतड्याला चाळवतं, म्हणून कळ येते हे खरं आहे. पण त्यापायी तोंडाच्या कॅन्सरचा धोका पत्करायचा का? वॉर्डात मी अशी तोंडं बघितली आहेत. सोडायची असेल तर तिची जागा भरून काढा: तीच वेळ, गरम पाणी, चहा, पायाखाली स्टूल. सुरुवातीचे काही दिवस जड जातात. तेवढ्यापुरतं इसबगोल घ्यायला हरकत नाही, कसं घ्यायचं ते खाली आहे.

आणखी एक. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात बसत असेल आणि त्रास न होता मऊ होत असेल तर ते तुमचं नेहमीचं आहे. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा, कडक, कुंथून, किंवा जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणं, याला बद्धकोष्ठ म्हणायचं. एक दिवस चुकला म्हणून जुलाबाची गोळी घेऊ नका.

आता ताटाकडं वळू. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा, म्हणजे अन्नातला न पचणारा भाग (फायबर), गेला पाहिजे. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, पॉलिशच्या तांदळात तीनच्याही आत. एका मध्यम भाकरीला 50 ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. म्हणजे दोन भाकरी, वाटीभर मटकीची नाहीतर अख्ख्या मसुराची उसळ, एक पालेभाजी आणि एक पेरू, एवढ्यात दिवसाचा चोथा जवळजवळ भागतो. यातलं काहीच महाग नाही, लक्ष्मीपुरीच्या बाजारात सगळं मिळतं. गव्हाची चपातीही चांगली, फक्त कोंडा चाळून टाकू नका.

आमच्या आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं सांगते. कवळी बसवल्यापासून त्यांनी भाकरी सोडली आणि दोन्ही वेळा दूधभात धरला. भातात चोथा नावालाच, दुधात तर नाहीच. पोट फुगायचं, खडा व्हायचा, जेवणावरची वासना गेली. मी भाकरी परत आणली, पण वेगळ्या रीतीनं. तव्यावरची गरम भाकरी ताटात कुस्करायची, पापुद्राही बारीक करायचा, वर अख्ख्या मसुराची पातळ आमटी ओतायची आणि झाकण ठेवून दहा मिनिटं मुरू द्यायची. भाकरी आमटी पिऊन मऊ होते, चावावी लागत नाही. वर अर्धा चमचा तूप. सोबत पोकळा किंवा तांदुळजा, देठासकट बारीक चिरून मऊ शिजवलेला. रात्री भिजत घातलेले दहा-बारा काळे मनुके सकाळी हातानं कुस्करून, त्याच पाण्यासकट. पायाखाली पाट. आत्या पुन्हा पोटभर जेवायला लागल्या. म्हातारपणी पोट बिघडतंच असं लोक समजतात. पुष्कळदा ते चावता न आल्यामुळं बदललेल्या खाण्यानं बिघडलेलं असतं, आणि ते दुरुस्त होतं.

दोडका आणला की शिरा फेकू नका. बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, तीळ, शेंगदाणे, लसूण, मीठ घालून जाडसर वाटायच्या. ही चटणी भाकरीला झकास लागते आणि चोथाच चोथा. जवसाची चटणीही रोजच्या ताटात असू द्या. जवसाच्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅमच्या वर चोथा आहे आणि ओलं झालं की ते बुळबुळीत होतं, त्यानं मळ मऊ राहतो. भाजून कुटूनच खा. अख्खं जवस चावलं गेलं नाही तर तसंच बाहेर पडतं.

मटणाबद्दल सगळे विचारतात. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा रस्सा सोडा म्हणणारी मी नव्हे. पण मटणात चोथा शून्य, आणि त्या दिवशी आपण भाजीला सुट्टी देतो, भात जास्त खातो. रविवारी मटण असलं तर सोबत ज्वारीची भाकरी घ्या, काकडी-कांदा-मुळा ताटभर कापून ठेवा, आणि रात्रीच्या जेवणाला पालेभाजी किंवा वरण्याची (पावट्यासारख्या कडधान्याची) भाजी करा. दुसऱ्या दिवशी फरक कळेल. ज्यांना फिशर आहे, त्यांनी ते भरून येईपर्यंत तिखट कमी करावं. तिखटानं खडा होत नाही, पण जखमेला आग होते. मिसळीचंही तसंच: मटकी गुणाची, फरसाण आणि ब्रेड नाही. मटकी जास्त मागून घ्या, स्लाइस एकावर थांबवा.

फळांत पेरू पहिला. पिकलेला, बियांसकट, सालीसकट. पपई मऊ पडते, म्हाताऱ्यांना आणि पोरांना बरी. केळं पूर्ण पिकलेलं खा, कच्चट केळ्यानं उलट अवरोध होतो. सुके अंजीर दोन, रात्री भिजवून. मधुमेह असेल तर मनुके-अंजीर मोजूनच, पेरू बरा.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. सवय नसलेल्या पोटात एकदम चोथा गेला की वायू धरतो, पोट टम्म होतं, आणि माणूस दोन दिवसांत "आम्हाला हे मानवत नाही" म्हणून सोडून देतो. पहिल्या आठवड्यात एक भाकरी आणि एक फळ वाढवा, पुढच्या आठवड्यात उसळ. आणि पाणी वाढवलंच पाहिजे, कारण पाण्याशिवाय चोथा आतच अडकून बसतो. दिवसाला आठ-दहा ग्लास, त्यात ताक, आमटी धरा. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच प्यावं. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बाया, शाळेतल्या पोरी, बसप्रवास करणाऱ्या बाया जाणूनबुजून पाणी पीत नाहीत, कारण जायला धड जागा नसते. हा दोष त्यांचा नाही. निदान घरातून निघण्याआधी आणि घरी परतल्यावर भरपूर पाणी प्या.

चालणं हवंच. रंकाळ्याला एक फेरी झाली तर उत्तम, नाही जमलं तर जेवणानंतर गल्लीत पंधरा-वीस मिनिटं. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्यांची आतडीही मंदावतात.

इसबगोल घ्यायचं तर असं: एक ते दोन चहाचे चमचे मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळून, फुगायच्या आत लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊच नये. इतर औषधांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा. एका रात्रीत गुण येईलच असं नाही, दोन-तीन दिवस द्या. गरम दुधात तूप घालून रात्री घेण्याची आपल्याकडं रीत आहे. मानवत असेल तर घ्या.

बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी ही जुलाबाची वनस्पती असते. ती आतड्याला ढोसून काम करून घेते. अडीनडीला ठीक, पण वर्षानुवर्षं रोज चमचाभर घेणारी माणसं मला भेटतात आणि काळजी वाटते, कारण मूळ कारण तसंच राहतं. पाकिटावरची घटकांची यादी वाचा. एरंडेल तेलानं जोराचे जुलाब होतात. गरोदर बाईला ते अजिबात देऊ नका, आणि लहान पोरांना दर महिन्याला पाजायची पद्धतही बंद करा.

पोरांचं थोडक्यात: खारी, टोस्ट, बिस्किटं आणि तांब्याभर दूध यानं पोट भरलं की ती भाकरी-भाजी खात नाहीत. शाळेतला संडास घाण म्हणून दिवसभर दाबून धरतात. सकाळी वीस मिनिटं लवकर उठवा, नाश्ता द्या आणि बसवा. रागावू नका, भीतीनं पोर आणखी आवळून धरतं.

काही वेळा दोष खाण्याचा नसतो. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, काही वेदनाशामकं, काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या यांनी खडा होतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, विशेषतः गरोदरपणातली लोहाची. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात. थायरॉईड कमी असलं तरीही पोट जड राहतं, ते रक्ताच्या तपासणीत कळतं.

मळातून रक्त पडलं, डांबरासारखा काळा मळ झाला, कारण नसताना वजन उतरलं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. "मूळव्याधच असणार" असं स्वतः ठरवू नका, तपासून घ्या. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वायूसुद्धा सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. अशा वेळी जुलाबाचं काहीही पोटात देऊ नका. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. शेवटचं कधी झालं आणि कसं झालं हे डॉक्टरांना न लाजता सांगा. पहिला प्रश्न तोच असतो.