मथळा बातमीच्या मापाचा हवा

कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मथळ्याला हात लावू नका. नुसता इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, वाचून हेडिंग दिलं की ठरलेला घोळ होतो: चौथ्या-पाचव्या परिच्छेदात एक 'मात्र' बसलेला असतो आणि तो मथळ्याला माहीतच नसतो.

वाचून झाल्यावर कॉपी बाजूला ठेवा. फोनवर कुणाला सांगाल तसं एक वाक्य लिहा: कोणी, काय केलं, कुठे. मग छाटणी. आधी 'आहे', 'करण्यात आले' जातात, मग विशेषणं. क्रियापदाचा गाभा आणि आकडा मात्र राखायचा. छापील पानावर सहा ते आठ शब्द पुरतात. सिंगल कॉलमला तीन-चारच मिळतात.

एक उदाहरण नीट पाहू. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्के केला. 'गृहकर्ज स्वस्त' हे दोन शब्द लगेच सुचतात, मापातही बसतात. पण तेवढ्याने सगळ्यांचं कर्ज लगेच स्वस्त झालं नव्हतं. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते, तो दर उतरला होता. ग्राहकाचा हप्ता त्याची बँक आपला दर कधी बदलते आणि कर्ज कोणत्या दराशी जोडलेलं आहे, यावर ठरतो. म्हणून: 'रेपो दरात पाव टक्का कपात, गृहकर्जाचा हप्ता घटण्याची शक्यता'. स्वल्पविरामाच्या अलीकडे घडलेलं, पलीकडे होऊ शकणारं. यात 'पाच वर्षांनी दिलासा' जोडायचा मोह होईल. आधीची कपात मे २०२० मधली, म्हणजे पाच वर्षं भरलेली नव्हती. 'जवळपास' बसत नसेल तर ते अख्खं काढा.

शब्द वाचवताना कर्ता हरवतो, हा मराठी मथळ्याचा जुना आजार. 'दारूच्या नशेत पोलिसाला मारहाण': प्यायलेलं कोण, पोलीस की मारणारा? 'मद्यधुंद चालकाची पोलिसाला मारहाण' असं लिहिलं की शंका संपते, आणि शब्दही तितकेच लागतात.

कोर्टाच्या बातम्यांत एकेक शब्द तपासा. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोलले आणि लेखी आदेशात ते नाही, तर 'न्यायालयाचा आदेश' लिहिता येत नाही. एकेरी अवतरणात 'घोटाळा' टाकला म्हणून आपली जबाबदारी टळत नाही. आरोप कुणाचा, ते मथळ्यात नाही तर निदान उपमथळ्यात आलंच पाहिजे. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव गाळून गाव आणि नातं दिलं तरी ओळख उघड होते, आणि तो गुन्हा आहे.

पानावर लावताना ओळ कुठे तुटते ते बघा. वरच्या ओळीच्या शेवटी 'नवी' आणि खाली 'मुंबईत पाणीकपात' आलं, तर घाईतला वाचक खालचीच ओळ वाचणार. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा वेलांटी एकमेकांना भिडतात, म्हणून दोन ओळींमधलं अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावं लागतं. तीन कॉलमच्या हेडिंगचं पानावर प्रिंट काढून हातभर अंतरावरून वाचा. स्क्रीनवर हे कळत नाही.

मथळ्यात मत घालावं का? अग्रलेखात खुशाल. 'केसरी'ने १८९७ साली विचारलेला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा प्रश्न आजही लोकांच्या तोंडी आहे, पण तो अग्रलेखाचा मथळा होता. बातमीवर प्रश्नचिन्ह लावलं की बहुतेक वेळा बातमी कच्ची आहे एवढंच कळतं.

घाईतही मथळा चुकतो. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत ड्युईंनी ट्रुमनना हरवल्याचं पहिल्या पानावर ठोकून दिलं. छपाई कामगारांच्या संपामुळे अंक लवकर सोडावा लागत होता, म्हणून निकालाआधी अंदाज छापला. निवडून आले ट्रुमन. मोजणी चालू असेल तर 'आघाडीवर'च लिहा, 'विजयी' नको.

वेबसाइटवर मथळा फोटो आणि उपमथळा सोडून एकटा फिरतो, त्यामुळे पानावर खुलणारी शाब्दिक कोटी तिथे पडते. गाव, व्यक्ती किंवा संस्था सुरुवातीलाच आणा. शोधाच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये शेपूट कापली जाते. 'मात्र' किंवा 'नाही' त्या कापलेल्या शेपटीत गेला तर अर्थच उलटतो. 'पाहा नेमकं काय घडलं' हे तर मथळा न लिहिण्याचंच दुसरं नाव.

चूक सापडली तर फक्त पानावरचा मथळा बदलून भागत नाही. शोधासाठीचं शीर्षक आणि शेअर केल्यावर दिसणारं कार्ड वेगळं भरलेलं असतं; लिंकमध्येही जुने शब्द अडकलेले असतात. तिन्ही ठिकाणी बघा, चुकीचं नोटिफिकेशन गेलं असेल तर दुरुस्तीचंही पाठवा, आणि बातमीच्या तळाशी काय बदललं ते वेळेसह लिहा.