नदीकाठची पांढरी कशी वाचावी

शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी, ही आपल्याकडची वाटणी नुसत्या रंगाची नाही. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, राख पडली, शेणामातीने जमिनी सारवल्या गेल्या, मातीच्या भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरच नव्या भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे जमिनीचा रंग पालटतो आणि तिची पातळी वर चढते. तापी, गोमाई, पांझरा, गिरणा यांच्या काठी काळ्या रानात मध्येच एखादा राखाडी उंचवटा दिसला आणि गावातील म्हाताऱ्या माणसाने ‘हाई जुनी पांढरी शे’ असे सांगितले, तर तेथे थांबावे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे हे गाव आपण दक्षिण काशी म्हणून ओळखतो; तेथील पांढरीत बी. के. थापर यांनी १९५४-५५ च्या हंगामात उत्खनन केले, तेव्हा सर्वांत खालच्या थरात तांबे आणि दगडी पाती वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली, त्यावर लोखंड वापरणाऱ्यांची, आणि त्यावर ऐतिहासिक काळातील वस्त्यांचे थर निघाले.

अशी पांढरी वाचायला कुदळ लागत नाही, किंबहुना कुदळ नेऊच नये. डोळे, वही, पेन्सिल, मोबाइलचा कॅमेरा आणि एक सहा इंची पट्टी एवढे पुरते. पहिल्या एक-दोन पावसांनंतरचे दिवस सर्वांत चांगले, कारण माती धुऊन जाते, खापरे उघडी पडतात आणि गवत अजून वाढलेले नसते. सकाळी लवकर जावे. तिरप्या उन्हात जमिनीचे चढ-उतार दिसतात, ते दुपारी दिसत नाहीत. जमीन कोणाची आहे ते विचारून, त्या शेतकरी दादांची परवानगी घेऊनच आत पाऊल टाकावे, आणि शक्य असेल तर त्यांनाच बरोबर घ्यावे. नांगराला कुठे विटा लागल्या, कुठे राख निघाली, हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

आधी उंचवट्याभोवती पूर्ण फेरी मारावी. लांबी-रुंदी पावलांनी मोजावी, नदी कोणत्या बाजूला आहे ते लिहावे आणि पुराची रेषा कोठवर येत असेल याचा अंदाज घ्यावा. प्राचीन शेतकऱ्याने पाण्याजवळची पण पुरापासून वाचणारी जागा निवडलेली असते, आणि ओल धरून ठेवणारी काळी जमीन त्याच्या दारातच असते. ही निवड ध्यानात आली की पुढची वस्ती कोठे असू शकेल हेही हळूहळू उमगू लागते.

त्यानंतर खापरांकडे वळावे. खापर उचलायचे, पाहायचे आणि जेथून उचलले तेथेच, तसेच ठेवायचे, हा नियम मी फार उशिरा शिकलो. तरुणपणी दोन गावांच्या पांढरींवरून नक्षीची खापरे मी एकाच पिशवीत भरून घरी आणली आणि कोणते खापर कोठले, हे आठवड्यानंतर मलाच सांगता येईना. ती आजही माझ्याकडे आहेत. देखणी आहेत, पण त्यांच्याकडून आता काहीही कळण्याजोगे उरलेले नाही. खापराची निम्मी माहिती ते जेथे पडलेले असते त्या जागेत असते.

खापर हातात घेतल्यावर प्रथम आतील बाजू पाहावी. तेथे बारीक समांतर रेषा असतील तर भांडे चाकावर घडले आहे. बोटांचे ओबडधोबड ठसे असतील तर ते हाताने थापलेले आहे. मग तुटलेली कड पाहावी. ती आरपार लाल असेल तर भाजणी पुरती झाली आहे, आणि मध्ये करडा पट्टा असेल तर आच आतपर्यंत पोहोचलेली नाही. जाडसर खापर, त्यावर घट्ट लेप आणि तो तडकलेला, वर बाणाची टोके किंवा मासे मारण्याची हत्यारे यांसारखी चित्रे, असे दिसले तर सावळदा संस्कृतीचा विचार करावा. तापीकाठच्या सावळदे गावावरून तिला हे नाव मिळाले असून तिचा काळ इ. स. पू. २००० च्या आसपासचा धरतात. पिवळसर किंवा नारिंगी लेपावर काळपट नक्षी असेल तर ते माळवा परंपरेचे, म्हणजे साधारण इ. स. पू. १६०० ते १४०० या काळातील असू शकते. पातळ, कडक, टिचकी मारली की खणखणणारे, तांबूस पृष्ठावर काळ्या रेषांची भौमितिक नक्षी असलेले खापर बहुधा जोर्वे परंपरेचे (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव) असते, आणि त्यात पाण्याच्या भांड्याची तोटी सापडली तर ओळख जवळजवळ पक्की होते.

एक जात सहज फसवते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगतो. बाहेरून लाल आणि आतून, काठासकट, काळे असे खापर पाहून पुष्कळ जण ते चुलीवर जळाले असावे असे समजतात. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे की भांडे भट्टीत पालथे ठेवल्यामुळे आतील बाजूस हवा पोहोचत नसे आणि तेवढा भाग काळा राही, तर बाहेरच्या बाजूस मोकळी हवा मिळून तो लाल होई. चुलीच्या काजळीचा काळेपणा नेमका उलट, म्हणजे बाहेरच्या बुडाला असतो. हा एवढा फरक ओळखता आला तरी आपण नुसता रंग पाहणे सोडून तो कसा आला ते पाहू लागलो असे समजावे.

खापरांच्या बरोबरीने अकीक आणि गारगोटीची लहान, दोन्ही कडा समांतर असलेली पाती शोधावीत. ती लाकडात किंवा हाडात बसवून विळ्यासारखी वापरीत. घासून मध्ये खोलगट झालेला दगड दिसला तर ते धान्य रगडण्याचे साधन असू शकते. बोरू किंवा कामट्यांचे ठसे उमटलेला भाजका मातीचा गोळा क्षुल्लक समजून ओलांडू नये. तो जळालेल्या कुडाच्या भिंतीचा गिलावा असतो, आणि तेथे एक घर उभे होते याचा त्याहून सरळ पुरावा पृष्ठभागावर क्वचितच मिळतो.

नदीने दरड कापलेली असेल किंवा गावात गटारासाठी चर खणलेला असेल, तर थर पाहायला मिळतात. दरडीच्या खाली उभे राहू नये. तापीचे काठ अचानक कोसळतात. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे सूत्र धरून चालावे, पण पेवाकडे लक्ष ठेवावे. धान्य साठवण्यासाठी खणलेले पेव वरून निघून जुन्या थरांत शिरते, त्यामुळे नवे खापर खाली आणि जुनी माती वर आलेली असते. पेवाची कड वेगळ्या रंगाच्या मातीमुळे ओळखू येते.

वस्तूंवरून समाजाकडे जाताना घाई करू नये. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील याच माळवा-जोर्वे परंपरेच्या वस्तीत १९६८ ते १९८३ अशी दीर्घ उत्खनने झाली, म्हणून तेथील लोकजीवनाविषयी आपण भरवशाने बोलू शकतो: मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत, प्रौढांना पुरताना पावले तोडलेली असत, पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराजवळ धान्याचे कोठार होते. तसे दोन कुंभ आपल्याकडच्या एखाद्या चरात आडवे दिसले, तर ते उघडू नयेत, हलवू नयेत. आत कोणाचे तरी मूल असण्याची शक्यता आहे.

प्रवरेकाठच्या दायमाबाद या जुन्या वस्तीच्या जागेवरची काशाची शिल्पे, म्हणजे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, १९७४ मध्ये एका गावकऱ्याला खणताना मिळाली. त्यांचे वजन साठ किलोंहून अधिक भरले. परंतु शास्त्रीय उत्खननात थरासह न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद राहिला. इतक्या मोलाच्या वस्तूंची ही स्थिती, तर खिशात टाकलेल्या मण्याचे काय होणार.

मौल्यवान काही आढळले तर मोबाइलवर पट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवावे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारावर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. पुरातत्त्व विभागालाही त्याच पत्राची प्रत पाठवावी.

या सगळ्यांहून निकडीचे एक काम आहे. धाब्याच्या घरांवर पसरण्यासाठी आणि शेतात खतासारखी टाकण्यासाठी पांढरीची माती नेण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती गरजेतून आलेली आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पण आता एका दिवसात जेसीबी जेवढी माती उचलतो तेवढी पूर्वी बैलगाड्यांना कित्येक वर्षे लागली असती. म्हणून आपण वाचलेल्या पांढरीचे स्थान, गट क्रमांक, उंची, खापरांचे प्रकार आणि तारखेसह छायाचित्रे एका वहीत नोंदवून तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, आणि ट्रॉली भरायला येणाऱ्या नाना-आप्पांना त्याच बांधावर बसून सावळद्याचे किंवा जोर्व्याचे एखादे खापर दाखवावे. माझ्या अनुभवात, त्यावरील बाणाचे चित्र बोटाने गिरवून पाहिल्यावर कित्येकांनी त्या दिवशी ट्रॉली रिकामी परत नेली आहे.